रूलीनबाई घर बघतात

रूलीन काम्पहाउसचा आवाज ऐकला नाही असा माणूस झ्वोल शहरातल्या आमच्या असेंडॉर्प वस्तीत शोधून सापडायचा नाही. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवते. या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या पोराला "पाय! बेडकासारखे पाय!" म्हणून ओरडली, की बाहेर सायकलला कुलूप लावणारी माणसंसुद्धा दचकून सरळ उभी राहतात. त्यातल्या निम्म्यांना तिनंच पोहायला शिकवलेलं असतं. माझं कॅन्टीन तलावाच्या कडेला, काचेच्या आड. फ्राईज तळता तळता मी तिला कितीतरी वर्षं बघत आले आहे. शिवाय आम्ही एकाच इमारतीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दाराला दार लागून. त्यामुळे ती घरी ओरडते की नाही, हेही मला ठाऊक. नाही ओरडत. घरी ती गुणगुणते, आणि ते बेसूर असतं.

तिचा नवरा हार्म. बेकरीत पाव भाजतो. पहाटे जातो, दुपारी येतो, आणि शब्द असे वापरतो जसे काही ते त्याला विकत आणावे लागतात. लग्नात "हो" म्हणायला त्यानं इतका वेळ लावला की रूलीनच्या आईनं त्याला कोपरानं ढोसलं. आजही विचारलं तर म्हणतो, "विचार करत होतो."

त्यांना मूल झालं नाही. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, आणि एक दिवस रूलीन म्हणाली, "पुरे. जगात पोरं काय कमी आहेत?" तेव्हापासून ज्यांच्या घरी काही ना काही बिनसलंय अशी मुलं तिच्याकडे राहायला येऊ लागली. कुणी महिनाभर, कुणी दोन-चार वर्षं. जाताना बहुतेक जण पोहायला शिकून जात आणि हार्मसारखा पाव कापायला.

त्यातलीच तिर्झा. आली तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. हातात एक पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू आम्हीच तिच्याकडे न कळवता आलेले पाहुणे. तिला दोन धाकटे भाऊ, सिल आणि युरे, जुळे. त्यांना होखफेनला दुसऱ्या एका कुटुंबात ठेवलेलं. एक रविवार सोडून एक रविवार ते आगगाडीनं यायचे, पॅनकेक खायचे, गादीवर उड्या मारायचे आणि संध्याकाळी परत जायचे. स्टेशनवर तिर्झा कधी हात हलवायची नाही. गाडी सुटली की खिशात हात घालून विचारायची, "पुढच्या वेळी सफरचंद घालून करायचे का?"

एप्रिलमध्ये मुलांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेतली बाई आली. होखफेनच्या कुटुंबातली आई आजारी होती, उन्हाळ्यानंतर त्यांना जुळ्यांना ठेवणं जमणार नव्हतं. रूलीननं लगेच हात वर केला, शाळेत करतात तसा. बाई कसंनुसं हसली. म्हणाली, "तुमच्या फ्लॅटला झोपायच्या खोल्या दोन. नियम काही मी केलेला नाही, रूलीन."

बाई गेली तशी रूलीन माझ्या दारात उभी.

"मिंके, मी घर घेतेय."

"कुठलं?"

"ते ठरायचंय अजून."

मग सुरू झालं आमचं घरं बघणं. हार्म पहाटेचा दमलेला असायचा, म्हणून पुष्कळदा मीच तिच्याबरोबर जायची. जाहिरातींची भाषा आम्हाला लवकरच कळायला लागली. 'उबदार' म्हणजे दोघं समोरासमोर आली तर एकानं मागे जायचं. 'भरपूर वाव असलेलं' म्हणजे छप्पर गळतं. 'जुनं रूप जपलेलं' म्हणजे कुणी कशाला हातच लावलेला नाही. एका घरात आमच्या पुढे नऊ जोडपी रांगेत, प्रत्येकाच्या हातात टेप, आणि सगळी एकमेकांकडे अशी बघत होती की जणू समोरच्यानं आपली सायकल चोरलीय. बरं, एखादं घर आवडलं तरी दुसरा कोणीतरी मागितल्याहून कितीतरी चढ देऊन ते उचलायचा. रूलीन घरी येऊन बूट काढायची आणि म्हणायची, "गेलं."

असेंडॉर्पमधलं जुनं घर बाजारात आलं की गरम भज्यांसारखं संपतं. बूवेंच्या घरावरची पाटी मात्र हिवाळ्यापासून तशीच होती. भिंती लाल विटांच्या, दाराशी निळ्या फरशीची पायरी, वर तीन खोल्या आणि त्यावर पोटमाळा. बाहेरून बघितलं तर दृष्ट लागावी असं. तरी विकलं जाईना. का, ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

बेरेंड बूवे आगगाडीत तिकीट तपासनीस होते. आयुष्यभर लोकांच्या थापा ऐकल्यामुळे असेल, त्यांना स्वतःला थाप मारता यायची नाही. त्यातून मूळचे शेजारच्या कांपेन गावचे. कांपेनकरांनी म्हणे एकदा मनोऱ्यावर उगवलेलं गवत खायला गाय दोर बांधून वर चढवली होती, हे आम्ही झ्वोलकर त्यांना उठता-बसता ऐकवतो. ते उलट आम्हाला 'निळ्या बोटांचे' म्हणतात, त्यालाही अशीच एक जुनी कथा आहे. बूवे पन्नास वर्षं आमच्यात राहिले, तरी गल्लीच्या लेखी कांपेनकर ते कांपेनकरच.

घर दाखवायच्या वेळी मालकानं फिरायला निघून जावं, अशी रीत. बूवे जात नसत. खुर्चीत बसून राहत, आणि एजंटनं एक गुण सांगितला की दोन दोष सांगत. गिऱ्हाइकं येत आणि हवेसारखी निघून जात.

आम्ही चौघं गेलो. रूलीन, मी, तिर्झा, आणि खास सुट्टी काढून आलेला हार्म. एजंट होता क्विंटेन नावाचा, बूट टोकदार, पायात मोजे नाहीत.

"ही सरकती दारं बघा," तो म्हणाला. "वरच्या रंगीत काचा अगदी मूळच्या!"

"डावीकडची नाही," खुर्चीतून आवाज आला. "ती माझ्या मुलानं चेंडू मारून फोडली. नंतर बसवलेली आहे. बाकीचे ट्यूलिप लाल आहेत, तो जांभळट दिसतो."

क्विंटेन हसला. "बूवेसाहेब फार मिश्कील आहेत."

"मिश्कील कसला? जांभळटच आहे. बघ की जरा."

तिर्झानं नाक काचेला लावून बघितलं. "खरंच जांभळट आहे."

बूवेंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग काठी घेऊन उठले आणि आमच्याबरोबर चालू लागले. क्विंटेननं डोळे मिटले.

स्वयंपाकघरात आले तेव्हा म्हणाले, "इथली जमीन एका अंगाला झुकलीय. सूप वाढलं की ताटलीत डावीकडे जमतं. आम्ही चमचाही डावीकडूनच घालायचो. बाहेर जेवायला गेलो की चुकायचं."

"आणखी?" रूलीन म्हणाली.

"नळाचा जुना पाइप शिशाचा आहे. तो बदलायला हवा. मागच्या छपरीच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, हात लावायचा नाही."

"आणखी?"

दाराजवळच्या लाकडी झाकणाकडे त्यांनी काठी दाखवली. रूलीननं झाकण उचललं, जमिनीवर पालथी पडली आणि कमरेपर्यंत खाली शिरली. जमिनीखालच्या पोकळीतून तिचा आवाज आला, तलावावरचा आवाज. "ओल आहे!"

"असणारच. हिवाळ्यात पाणी साचतं. एकदा बेडूक निघाला होता."

"बेडूक? मग पोरांना दाखवायला बरा. बाहेर ओढ रे, हार्म."

हार्मनं तिला पायांना धरून बाहेर ओढलं. तो एव्हाना पांढरा पडला होता, पिठात लोळल्यासारखा. पण एक गोष्ट तो करत होता. प्रत्येक खोलीत गेला की भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि कान लावायचा. पाव भाजला का हे बघायला तो असंच करतो.

"हा जिना नाही, शिडी आहे," बूवे खालूनच म्हणाले. "माझे गुडघे यानंच खाल्ले. तुम्ही जा वर, मी इथून सांगतो. मधल्या खोलीची खिडकी पावसाळी दिवसांत फुगते! पोटमाळा उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ! आणि शेजारी ट्रॉम्बोन वाजवतो! मंगळवारी! वाईट वाजवतो!"

"आणखी?" वरून रूलीन.

आम्ही उतरलो तर बूवे जिन्याच्या कठड्याला धरून उभे, आठवून आठवून दमलेले. "झालं," ते म्हणाले. "संपलं. एवढंच आहे."

"बरं," म्हणून रूलीन सरळ त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. "आता चांगलं काय आहे ते सांगा."

हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. क्विंटेननं तोंड उघडलं, तर रूलीननं त्याच्याकडे न बघता हात वर केला. तलावावर तो हात वर गेला की पन्नास पोरं गप्प होतात. क्विंटेन कोण लागून गेला?

बूवेंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "सकाळी," ते म्हणाले, "मागच्या खोलीत ऊन येतं. त्या काचांतून. जमिनीवर लाल ठिपके पडतात आणि सरकत जातात. हेंद्रिक्ये, माझी बायको, ठिपका टेबलाच्या पायाशी पोचला की कॉफी करायची. घड्याळ लागायचंच नाही." मग ते थांबेचनात. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे खुर्च्या घेऊन बाहेर बसतात ते. बर्फ पडला की पलीकडची सुताराची विधवा सगळ्यांच्या पायऱ्या झाडते आणि वर शिव्याही देते, ते. पाळण्यातलं पोर मधल्या खोलीत लवकर झोपतं, का कोण जाणे, पण झोपतं. बोलता बोलता त्यांनी कॉफी केली. बिस्किटांचा डबा आला, प्रत्येकाला एक एक, आणि झाकण बंद. थोड्या वेळानं त्यांनी डबा परत उघडला.

क्विंटेन माझ्या कानाशी म्हणाला, "मी हिवाळ्यापासून येतोय. दुसरं बिस्किट मी आजच बघितलं."

"विकताय कशाला मग?" मी विचारलं.

"गुडघे. आणि मुलगा. त्यानं अल्मेरेला माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय, त्याच्या जवळ. अल्मेरे! कालपरवा वसवलेलं शहर, तिथल्या झाडांना अजून सावली कशी धरायची ते माहीत नाही." आणि त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

बाहेर आल्यावर हार्म गल्लीच्या मधोमध उभा राहिला. "ओल. शिसं. शिडी," तो म्हणाला.

"पण तिघं मावतात," रूलीन म्हणाली.

हार्मनं मागे वळून घराकडे बघितलं. विचार केला. "भिंती आतपर्यंत भाजलेल्या आहेत," तो म्हणाला. आमच्या हार्मसाठी हे भाषण झालं.

त्यांनी आपला आकडा दिला. रीतीप्रमाणे अट घातली, की घरं तपासणाऱ्या माणसाकडून तपासणी होऊ दे, मग पक्कं. तपासणीला एक उंच बाई आली. तिनं बूवेंचे सगळे दोष एकेक करून खरे ठरवले. आणि न्हाणीघराखाली बॅटरी मारून म्हणाली, "ही तुळई टोकाला कुजलीय. भिंतीत जाते तिथे. बदलावी लागेल."

बूवेंचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांनाच विनातिकीट पकडलं. "हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. दोन दिवसांनी क्विंटेनचा फोन आला. बूवेसाहेबांनी घर विक्रीतून काढून घेतलंय. कारण काय, तर त्यांनी खरेदीदाराला अपुरी माहिती दिली, आता त्यांचा स्वतःवर भरवसा राहिला नाही. "आणि हे बघा," क्विंटेन रडकुंडीला येऊन म्हणाला, "एक गुंतवणूकदार घर न बघताच घ्यायला तयार आहे, तुमच्याहून जास्त देऊन. विद्यार्थ्यांसाठी खोल्या पाडायच्यात त्याला. मुलगा म्हणतो, द्या. म्हातारा फोन उचलत नाही."

दर गुरुवारी दुपारी बूवे वस्तीच्या सभागृहात पत्ते खेळायला जातात, हे रूलीनला माहीत होतं. ती तलावावरून थेट तिथे गेली, ओल्या केसांनी. मी मागोमाग.

"बूवेसाहेब! पत्ते खाली!"

सभागृहातल्या सगळ्यांनीच पत्ते खाली ठेवले.

"तुळई कुजली म्हणून घर विकायचं नाही, हा कुठला न्याय? घर मी घेणार, म्हणजे तुळई ही माझी डोकेदुखी!"

"मी पन्नास वर्षं तिच्यावर उभं राहून आंघोळ केली," बूवे म्हणाले. "मला पत्ता नाही. आणखी काय काय मला ठाऊक नसेल? मी तुम्हाला गोत्यात नाही घालणार."

"गाईला मनोऱ्यावर चढवणाऱ्यांनी मला शहाणपण शिकवू नये!"

"निळ्या बोटांनी मला तर मुळीच शिकवू नये!"

पत्तेवाले खदखदून हसले. सुताराची विधवा म्हणाली, "अहो, आता सरळ लग्नच लावा यांचं!" रूलीनपण हसली, आणि हसता हसता खाली बसली. मग हळू आवाजात, मला वाटतं पहिल्यांदाच, तिनं बूवेंना जुळ्यांबद्दल सांगितलं. तिर्झा स्टेशनवर हात हलवत नाही, तेही सांगितलं.

बूवेंनी पत्त्यांची चवड सरळ केली. "हे आधी का नाही बोललात?"

"दया म्हणून घर नको होतं मला."

"मी तुम्हाला बेडूकसुद्धा सांगितला."

"हो," रूलीन म्हणाली. "चुकलं माझं."

बूवेंनी चवड टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुळईचं निमित्त झालं. खरं सांगायचं तर मला अल्मेरेला जायचंच नाही. घर सुटलं तर चालेल. वर मी असाही चढत नाही, दिवाणखान्यात झोपतो. पण हे," त्यांनी पत्त्यांकडे, विधवेकडे, खिडकीबाहेरच्या गल्लीकडे हात केला, "हे मी तिकडे कुठून आणू?"

रूलीन उठली. ती एवढंच म्हणाली, "शनिवारी पॅनकेक खायला या. लिफ्ट आहे आमच्याकडे."

शनिवारी बूवे आले. कोट-टाय घालून, हातात फुलं. मीही होतेच. हार्म चुलीपाशी, तिर्झा सफरचंदं चिरत होती. बूवे बसले, आणि बसल्या बसल्या त्यांची नजर फिरायला लागली.

"या खिडकीची पट्टी सुटलीय," ते म्हणाले. "वारा येतो."

"जरासा," रूलीन म्हणाली.

"रेडिएटरच्या खाली गंज आहे."

"तो डाग आहे."

"गंज आहे. आणि बाल्कनीतून दिसतं काय? गाड्या लावायची जागा."

तीच बाई, जी बेडूक आणि शिसं ऐकून 'आणखी?' म्हणत होती, ती आता लालबुंद झाली. "आमच्या फ्लॅटला नावं ठेवायला बोलावलं नाही मी तुम्हाला! मागच्या खोलीतून बघा जाऊन काय दिसतं ते!"

बूवे काठी टेकत मागच्या खोलीत गेले. तिथून स्टेशनचं आवार दिसतं, चारी दिशांना जाणारे रूळ, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. ते परत येईनात. पॅनकेक थंड होतील म्हणून मी बोलवायला गेले, तर ते खिडकीशी उभे होते, काठी भिंतीला टेकवून ठेवलेली. "ग्रोनिंगनची गाडी उशिरा आहे," ते म्हणाले.

आम्ही जेवायला बसलो. हार्मनं तव्यावरचा पॅनकेक उलटला आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "मग तुम्हीच घ्या की हा फ्लॅट."

रूलीन नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. इतके आठवडे आम्ही दोघी डोकं खाजवत होतो, आणि आमच्यापैकी एकीच्याही मनात हे आलं नव्हतं.

"हे मला नीट बघावं लागेल," बूवे म्हणाले. रुमालानं तोंड पुसलं, आणि लगेच उठले. त्यांनी नळ सोडले, कपाटं उघडली, न्हाणीघरात जाऊन पाय आपटून बघितला. रूलीनला दाराशी उभं करून विचारलं, "आणखी?"

"लिफ्ट अधूनमधून बंद पडते," ती दातओठ खात म्हणाली.

"आणखी?"

"वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं."

"भिंतीपलीकडे कोण राहतं?"

"मी," मी म्हणाले.

"वाद्य वाजवता?"

"नाही."

"घोरता?"

"छे!"

"घोरते," रूलीन म्हणाली. "भिंतीतून स्पष्ट ऐकू येतं. हे सांगायलाच हवं."

बूवेंनी मान डोलवली. "हेंद्रिक्येही घोरायची. सोबत होईल."

मुलगा अल्मेरेहून तणतणत आला. जास्त पैसे देणारा गुंतवणूकदार सोडून बाबांना हे काय सुचलं म्हणून. बूवे त्याला म्हणाले, "जो घर न बघता घेतो त्याला मी काय सांगणार? त्याला काही ऐकायचंच नाही." मग त्याला लिफ्टनं वर आणून मागच्या खिडकीशी उभं केलं. मुलानं रूळ बघितले, बापाचा चेहरा बघितला, आणि त्याचा आवाज खाली आला. जाताना त्यानं मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे एक किल्ली ठेवली तर चालेल ना?"

दोन्ही व्यवहार एकाच दिवशी झाले. सह्या करून बाहेर पडल्यावर बूवे पायरीवर थांबले आणि रूलीनपुढे हात केला. "आता मला बेरेंड म्हण," ते म्हणाले. "अहो-जाहो पुरे." रूलीननं हात हातात घेतला आणि तलावावरच्या आवाजात "बेरेंड!" म्हणून दाखवलं. रस्त्यावरचं एक पोर सायकलवरून पडता पडता वाचलं.

घर हलवायला तलावावरचे सगळे आले. त्या जिन्यानं पलंग वर जाणं शक्यच नव्हतं. शिडीची गाडी आणून खिडकीतून सामान चढवलं. बेरेंड खाली खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, आणि सामान कुणाचं, कुठलं, कुठून कुठे चाललंय, याचा शेवटी सगळ्यांनाच घोळ झाला. माझी एक इस्त्री अजून रूलीनकडे आहे. हार्मच्या भावानं तुळई बदलली. नळ बदलले. ट्रॉम्बोनवाला शेजारी ओळख करून घ्यायला आला, आणि तो वाजवतो वाईटच, पण माणूस चांगला निघाला.

जुलैत सिल आणि युरे आले, पाठीवर बॅगा घेऊन. बाळ झालं की आमच्याकडे मनुक्यांचा लांबच लांब पाव नेतात. हार्मनं तसा एक भाजला होता, दोघांच्या उंचीइतका, आणि मी आणि बेरेंडनं तो फळीवर ठेवून दारात नेला. "आम्ही काय बाळं आहोत?" युरे म्हणाला, आणि मोठा तुकडा तोडला. रूलीन आणि हार्मनं आपला पलंग खाली दिवाणखान्यात लावला होता, आणि वर तीन खोल्या तयार होत्या. प्रत्येकाला स्वतःची, प्रत्येक खोलीला वेगळा रंग. रूलीननं रात्ररात्र भिंती रंगवल्या होत्या. दोघं जुळे खोल्यांतून धावत सुटले, प्रत्येक दार उघडून बंद करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्री मागायला गेले, तर रूलीन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली.

"ये," ती म्हणाली. "बघ."

मधल्या खोलीत जमिनीवर तीन गाद्या, एकमेकींना चिकटून. तिघंही आडवीतिडवी झोपलेली, युरेचा पाय तिर्झाच्या पोटावर. बाकीच्या दोन खोल्या रिकाम्या. नवे पलंग, नव्या चादरी, कुणी हातसुद्धा न लावलेल्या.

"एवढं मोठं घर घेतलं ना मी?" रूलीन कुजबुजली. "खोल्या कमी पडतात म्हणून?" आणि ती इतकी हसायला लागली की तोंडावर हात दाबावा लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं तसंच वाहू दिलं. मी इस्त्रीचं विसरले.

सगळा उन्हाळा ती तिघं तशीच झोपली. पानं गळायला लागली तशी जुळ्यांनी पोटमाळ्यावर हक्क सांगितला. तिथे बर्फासारखं गार पडतं, हे बेरेंडनं त्यांना बजावून सांगितलं, म्हणून तर त्यांना तिथेच जायचं होतं. मग एका शनिवारी तिर्झानं आपली गादी उचलली, मागच्या खोलीत नेली, आणि दार लावून घेतलं. दारावर चिठ्ठी: 'आत येण्याआधी टकटक करा.'

रूलीन त्या दारासमोर बराच वेळ उभी होती. खाली येऊन म्हणाली, "हार्म, पोरगी रुसली का आपल्यावर?"

हार्म पाव कापत होता. त्यानं विचार केला.

"दार लावून बसायला मिळालं तिला," तो म्हणाला. "घर घेतलं ना आपण."

रूलीननं त्याच्याकडे बघितलं, बशीत दोन तुकडे आणि लोणी ठेवलं, आणि ती शिडीसारखा जिना चढून परत वर गेली. दारावर हळूच टकटक केली, आणि आतून "ये" ऐकू येईपर्यंत थांबून राहिली.